'मर्ज' हे इंग्रजी क्रियापद: अर्थ कसा ओळखावा आणि वाक्यात कसे बसवावे

दोन गोष्टी एकत्र आणण्यासाठी इंग्रजीत अनेक क्रियापदे आहेत आणि त्यांपैकी 'मर्ज' मराठी माणसाच्या हाताला सर्वांत लवकर लागते. हे क्रियापद त्याने शब्दकोशात शोधलेले नसते. बँकेच्या पत्रात, एक्सेलच्या वरच्या पट्टीवर आणि वर्तमानपत्राच्या मथळ्यात ते त्याला आयते भेटलेले असते. या आयत्या ओळखीमुळेच ते चुकीच्या ठिकाणी पडते. दुधात साखर घालायची तरी 'मर्ज', दोन तक्रारअर्ज एका पाकिटात घालायचे तरी 'मर्ज' आणि दोन वर्गांची सहल एकत्र काढायची तरी 'मर्ज', असे इंग्रजी मजकूर माझ्याकडे तपासायला येतात. तिन्ही ठिकाणी व्याकरण बरोबर असते. चुकतो तो शब्द. हा शब्द कोठे शोभतो, त्याच्यापुढे कोणते शब्दयोगी अव्यय लावावे आणि कोठे त्याला सरळ रजा द्यावी, हे पुढे सांगितले आहे.

आधी त्याचे मूळ पाहू, कारण या शब्दाच्या बाबतीत मूळ खरोखरच उपयोगी पडते. लॅटिन भाषेतील 'मेर्गेरे' म्हणजे बुडवणे, पाण्यात खाली नेणे. 'सबमर्ज' म्हणजे पाण्याखाली जाणे, धरणाच्या बुडीत क्षेत्राच्या बातम्यांत भेटणारा शब्द. 'इमर्ज' म्हणजे बुडालेले वर येणे, आणि अचानक वर आलेला प्रसंग तो 'इमर्जन्सी'. गणपतीच्या विसर्जनाला इंग्रजी बातम्या 'इमर्शन' म्हणतात, तोही याच घराण्यातला शब्द आहे. 'मर्ज' इंग्रजीत आला तेव्हा त्याचाही अर्थ बुडवणे असाच होता. पुढे तो कायद्याच्या भाषेत शिरला आणि लहान हक्क मोठ्या हक्कात बुडून नाहीसा होणे, असा अर्थ त्याला चिकटला. आज पाण्याची आठवण कोणाला राहिलेली नाही, पण बुडण्याची छाया शब्दावर कायम आहे.

म्हणून 'मर्ज' लिहिण्यापूर्वी स्वतःला एकच प्रश्न विचारावा: या जोडणीत कोणती हद्द पुसली गेली? दोन गोष्टी जवळ आल्या, एकमेकींना चिकटल्या किंवा एकत्र कामाला लागल्या, एवढ्यावर 'मर्ज' होत नाही. त्यांच्यामधली रेघ गेली पाहिजे. दोन अर्ज एका पाकिटात घातले तरी अर्ज दोनच राहतात, तेव्हा तेथे 'मर्ज' नाही. दोन अर्जांतील मागण्या एकाच अर्जात लिहून काढल्या आणि जुने दोन्ही रद्द केले, तर मात्र 'मर्ज' म्हणता येईल. हद्द पुसली गेली असे ठरले की दुसरा प्रश्न येतो तो नावाचा. पुसापुशीनंतर नाव कोणाचे उरले, यावर पुढचे शब्दयोगी अव्यय ठरते. मराठी माणूस अडखळतो तो बहुधा येथेच.

या अव्ययांचा हिशेब मी विद्यार्थ्यांना नद्यांवरून सांगतो, कारण आपल्याकडच्या तीन संगमांत तिन्ही रचना जशाच्या तशा सापडतात. कराडच्या प्रीतिसंगमावर कोयना आणि कृष्णा समोरासमोर येऊन भेटतात. तेथून पुढे जी नदी वाहते तिला कृष्णा म्हणतात. कोयनेचे नाव तेथे संपते. ही झाली 'मर्ज इंटू'ची रचना: 'द कोयना मर्जेस इंटू द कृष्णा'. 'इंटू'च्या आधीचे नाव बुडते आणि नंतरचे उरते, त्यामुळे नावांची अदलाबदल केली तर वाक्य खोटे ठरते. पुण्यात मुळा आणि मुठा भेटतात आणि पुढच्या नदीला दोघींचे जोडनाव मिळते. येथे कोणी कोणात बुडाले असे म्हणता येत नाही, म्हणून दोघींना कर्ता करून 'द मुळा अँड द मुठा मर्ज' एवढेच लिहावे. 'इंटू' लावू नये. तिसरी रचना कोल्हापूरजवळच्या प्रयाग चिखलीची आहे. कुंभी, कासारी, तुळशी, भोगावती आणि श्रद्धेने मोजली जाणारी गुप्त सरस्वती यांची मिळून पंचगंगा होते. सगळी जुनी नावे गेली आणि नवे आले, तेव्हा 'मर्ज टू फॉर्म' म्हणावे आणि त्यापुढे नव्या गोष्टीचे नाव द्यावे.

नद्यांचा उपयोग येथे केवळ रचना लक्षात ठेवण्यासाठी केला आहे, हे मात्र सांगितले पाहिजे. प्रत्यक्ष भूगोलाच्या इंग्रजी वर्णनात नदी नदीला मिळते तेव्हा 'जॉइन' किंवा 'मीट' ही क्रियापदे अधिक रुळलेली आहेत. नदीसाठी 'मर्ज' चूक नाही; थोडे जड आहे एवढेच.

या तीन रचनांखेरीज चौथी आणि सर्वांत सोयीची रचना 'मर्ज विथ' ही आहे. मराठीतील 'शी' या प्रत्ययाच्या जागी ती बसते. 'विथ' नाव कोणाचे उरले याबद्दल काहीच बोलत नाही, म्हणून बातमीदार ती सर्रास वापरतात आणि तपशील नक्की माहीत नसेल तर आपणही तीच वापरावी. २०२४ च्या १२ नोव्हेंबरला विस्तारा ही विमान कंपनी एअर इंडियात गेली आणि विस्तारा हे नाव उड्डाणांच्या फलकावरून उतरले. येथे 'विस्तारा मर्ज्ड विथ एअर इंडिया' बरोबर आहे आणि 'मर्ज्ड इंटू' अधिक नेमके आहे. व्होडाफोन आणि आयडिया यांचे उदाहरण याहून गमतीचे आहे. २०१८ मध्ये दोन्ही नावे जोडून व्होडाफोन आयडिया ही कंपनी झाली, तेव्हा ग्राहकाच्या नजरेने हा मुळा-मुठेचा प्रकार होता. कायद्याच्या कागदावर मात्र व्होडाफोनची भारतातील कंपनी आयडिया सेल्युलरमध्ये विलीन झाली आणि नंतर आयडियाचे नाव बदलले गेले, म्हणजे तो कराडचा प्रकार होता. एकाच घटनेबद्दल दोन वेगळी अव्यये बरोबर असू शकतात; लिहिणाऱ्याने आपण कोणत्या बाजूने पाहत आहोत एवढे ठरवायचे असते.

आता चुकीच्या अव्ययांकडे वळू. 'मर्ज टू' ही रचना इंग्रजीत नाही. मराठीतील 'बँकेला जोडले' या 'ला'चा तो शब्दशः उतारा आहे. 'मर्ज टू फॉर्म' मधला 'टू' वेगळा, कारण तो पुढच्या क्रियापदाचा आहे. 'मर्ज इन' ही रचना भारतीय सरकारी आणि न्यायालयीन इंग्रजीत जागोजाग दिसते. तेथे ती परंपरेने आलेली आहे, म्हणून जुना हुकूम उद्धृत करताना ती बदलू नये, पण स्वतःच्या लिखाणात 'इंटू' लिहावे. 'मर्ज टुगेदर' म्हणजे 'परत रिपीट' म्हणण्यासारखे आहे. 'टुगेदर' गाळले तरी वाक्याचे काही बिघडत नाही.

अव्यय ठीक लागले की पुढचा प्रश्न कर्तरी आणि कर्मणी प्रयोगाचा येतो, आणि माझ्या मते तो अव्ययांपेक्षाही महत्त्वाचा आहे, कारण तेथे अर्थाबरोबर इतिहासही बदलतो. 'मर्ज' सकर्मकही आहे आणि अकर्मकही. 'द टू कंपनीज मर्ज्ड' म्हटले की दोघींनी आपण होऊन एकत्र येण्याचे ठरवले, असा सूर निघतो. 'वेअर मर्ज्ड' म्हटले की तिसऱ्या कोणीतरी त्यांना एकत्र केले, असा. मराठीत 'विलीन झाले' या एकाच शब्दप्रयोगात दोन्ही छटा झाकल्या जातात, म्हणून इंग्रजी करताना थांबून विचार करावा लागतो. १ एप्रिल २०१९ रोजी देना बँक आणि विजया बँक या बँक ऑफ बडोदामध्ये गेल्या तो निर्णय केंद्र सरकारच्या योजनेचा होता, म्हणून तेथे 'वेअर मर्ज्ड' हे अधिक प्रामाणिक आहे. खातेदाराने आपल्या पत्रात 'माय बँक इज मर्ज्ड' असे लिहू नये. घटना नुकतीच झाली असेल तर 'हॅज बीन मर्ज्ड', तारीख द्यायची असेल तर 'वॉज मर्ज्ड', आणि आजची स्थिती सांगायची असेल तर 'इज नाऊ पार्ट ऑफ' लिहून पुढे नव्या बँकेचे नाव द्यावे. 'गॉट मर्ज्ड' बोलण्यात चालते. अर्जात ते टाळावे.

संस्थानांच्या इतिहासाबद्दल इंग्रजीत लिहिणाऱ्याने तर येथे विशेष जपावे. मराठीत आपण सगळ्याच प्रक्रियेला सैलपणे 'विलीनीकरण' म्हणतो, परंतु इंग्रजी कागदपत्रांत दोन पायऱ्या आणि दोन शब्द आहेत. पहिली पायरी 'अक्सेशन', म्हणजे सामीलनामा. त्यात संस्थानाने संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण हे विषय भारताच्या स्वाधीन केले, पण संस्थान, संस्थानिक आणि दरबार जागेवरच होते. त्यांची हद्द पुसली गेली नव्हती, म्हणून तेथे 'मर्ज' लागू होत नाही. दुसरी पायरी 'मर्जर', ज्यात संस्थानाचा कारभार आणि भूभाग शेजारच्या प्रांतात गेला. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले, तेव्हा खऱ्या अर्थाने 'मर्ज' झाले. त्याच वर्षीच्या १ मे रोजी बडोदा संस्थानाचेही तसेच झाले. १९४७ च्या सामीलनाम्याला 'मर्जर' म्हणणे ही केवळ शब्दाची चूक नाही, त्याने दीड-दोन वर्षांचा इतिहास गिळला जातो.

गोव्याच्या बाबतीत 'मर्जर' हा शब्द घराघरांतला झाला. १६ जानेवारी १९६७ रोजी तेथे जनमत कौल झाला, त्यात प्रश्न महाराष्ट्रात विलीन व्हावे की केंद्रशासित राहावे, असा होता. विलीनीकरणाच्या बाजूचे चिन्ह फूल होते आणि विरोधातले दोन पाने. १,३८,१७० मते विलीनीकरणाच्या बाजूने पडली आणि १,७२,१९१ विरोधात. शब्दाच्या अभ्यासकाला यातले एक सूक्ष्म अंग दिसते. विलीनीकरणाच्या बाजूचे लोक या घटनेत भाषेचे आणि माणसांचे मीलन पाहत होते, तर विरोधातले लोक हद्द आणि ओळख बुडणे पाहत होते. 'मर्ज' या एकाच क्रियापदात दोन्ही अर्थ एकावर एक बसलेले आहेत, आणि ज्याचे नाव पुढे उरणार असते त्याला त्यातले बुडणे सहसा ऐकू येत नाही.

कायद्यातील दोन उपयोग वाचकाला कधी ना कधी भेटतातच, म्हणून त्यांची नोंद करतो. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ याच्या कलम १११ मध्ये भाडेपट्टा कोणकोणत्या प्रकारे संपतो ते सांगितले आहे. त्यातला एक प्रकार असा की संपूर्ण मालमत्तेतील भाडेकरूचा हक्क आणि मालकाचा हक्क एकाच वेळी, एकाच नात्याने एकाच व्यक्तीकडे येतात. भाडेकरूने राहते घर विकत घेतले की तो स्वतःचाच भाडेकरू राहू शकत नाही. त्याचा लहान हक्क मोठ्या हक्कात बुडतो. वकील याला 'मर्जर' म्हणतात, आणि मुळातला बुडण्याचा अर्थ इतका स्वच्छ दुसरीकडे कोठेही दिसत नाही. दुसरा उपयोग पक्षांतरबंदीचा. १९८५ मध्ये बावन्नाव्या घटनादुरुस्तीने आलेल्या दहाव्या अनुसूचीत पक्षाच्या विलीनीकरणासाठी विधिमंडळ पक्षाच्या किमान दोन तृतीयांश सदस्यांची संमती लागते. एक तृतीयांश सदस्यांच्या फुटीला अपात्रतेपासून मिळणारे संरक्षण २००३ मधील एक्याण्णवाव्या घटनादुरुस्तीने काढून टाकले. महाराष्ट्रातील राजकारणावरचे इंग्रजी लेखन वाचताना 'स्प्लिट' आणि 'मर्जर' हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वाचू नयेत, इतके यावरून ध्यानात ठेवावे.

संगणकावरचा 'मर्ज' हा बहुतेकांच्या रोजच्या वापरातला आहे, आणि तेथे हद्द पुसली जाण्याचा फटका प्रत्यक्ष बसतो. एक्सेलमध्ये शेजारच्या चौकटी निवडून 'मर्ज अँड सेंटर' दाबले की त्यांच्यामधल्या रेघा जातात, पण त्याबरोबर डावीकडची वरची चौकट सोडून बाकीच्या चौकटींतला मजकूरही जातो. तशी सूचना पडद्यावर येते. ती न वाचता 'ओके' दाबण्याची आपली सवय जुनी आहे. शिवाय अशा चौकटी मध्ये आल्या की यादी अकारविल्हे किंवा रकमेप्रमाणे लावताना एक्सेल अडून बसते. केवळ मथळा मधोमध दिसावा एवढीच गरज असेल, तर चौकटींच्या मांडणीच्या खिडकीत 'सेंटर अक्रॉस सिलेक्शन' हा पर्याय असतो, तो घ्यावा. त्यात मथळा मध्यभागी येतो आणि चौकटी वेगळ्याच राहतात. भाषेच्या दृष्टीने सांगायचे तर तेथे 'मर्ज' झालेलेच नसते.

वर्डमधला 'मेल मर्ज' हा सोसायटीच्या सचिवांचा जिवलग आहे. एक पत्र आणि सभासदांच्या नावांची एक यादी यांच्यापासून प्रत्येकाच्या नावाची वेगळी नोटीस निघते. येथे 'मर्ज' नाम म्हणून येतो, क्रियापद म्हणून नाही, हे पाहावे. संगणकाच्या बाहेर असे नाम सहसा चालत नाही. 'द मर्ज ऑफ टू बँक्स' असे कोणी लिहिले तर ते 'मर्जर' करावे लागते. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांकडे मात्र नाम आणि क्रियापद दोन्ही रूपे सरसकट चालतात. गिट या, प्रोग्रॅममधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात एका शाखेतले, म्हणजे त्याच मजकुराच्या वेगळ्या चालवलेल्या प्रतीतले, बदल दुसऱ्या शाखेत आणणे म्हणजे 'मर्ज', आणि तेथे 'इंटू'चा नियम काटेकोर आहे: आपली शाखा मुख्य शाखेत मर्ज करणे आणि मुख्य शाखा आपल्या शाखेत मर्ज करणे या दोन वेगळ्या आज्ञा आहेत आणि त्यांचे परिणामही वेगळे होतात. एकाच ओळीत दोघांनी वेगवेगळे बदल केले असतील तर गिट स्वतः निवाडा न करता दोन्ही मजकूर समोर मांडते आणि त्याला 'मर्ज कॉन्फ्लिक्ट' म्हणते. भाऊबंदकीतल्या वाटणीपेक्षा हा प्रकार पुष्कळ समंजस आहे, असे मला नेहमी वाटते. पीडीएफ फायलींबाबत 'मर्ज' आणि 'कम्बाइन' हे दोन्ही शब्द वेगवेगळ्या कंपन्या एकाच कृतीसाठी वापरतात. तेथे फरक शोधत बसू नये.

परदेशात, विशेषतः अमेरिकेत, गाडी चालवण्याचा परवाना काढणाऱ्या मराठी माणसाला हा शब्द रस्त्यावर भेटतो. बाजूच्या रस्त्याने वेग धरत येऊन महामार्गावरच्या वाहनांच्या ओघात शिरणे म्हणजे 'मर्ज'. येथे बुडते ती मार्गिका, गाडी नव्हे. दोन मार्गिकांची एक होते. म्हणून अव्ययही दोन आहेत: वाहनांच्या ओघात शिरताना 'मर्ज इंटू ट्रॅफिक' आणि रस्त्यावर चढताना 'मर्ज ऑन्टू द हायवे'. परीक्षकाने 'मर्ज' म्हटले की आरशात पाहून, दिवा देऊन, वेग जुळवून आत शिरायचे असते. थांबून राहणे हा त्याचा अर्थ नाही, आणि नवशिके नेमके तेथेच थांबतात.

ललित लेखनात 'मर्ज' अकर्मक येते आणि हळूहळू विरत जाण्याचा अर्थ देते. संध्याकाळ रात्रीत मिसळून जाते, डोंगराची कड धुक्यात हरवते, भिंतीच्या रंगात पाल दिसेनाशी होते, अशा ठिकाणी 'मर्ज इंटू' सुंदर बसते. येथे कर्मणी प्रयोग करू नये. संध्याकाळीला कोणी विलीन करत नसते.

आता 'मर्ज' कोठे नको ते पाहू. स्वयंपाकघरातून या शब्दाला संपूर्ण हद्दपार करावे. पाककृतीच्या इंग्रजीत कोरडे जिन्नस एका पातेल्यात एकत्र घेण्याला 'कम्बाइन' म्हणतात, ढवळून एकत्र करण्याला 'मिक्स' म्हणतात आणि सगळे एकजीव होईपर्यंत फिरवण्याला 'ब्लेंड' म्हणतात. भेळ 'मिक्स' होते, कारण कुरमुरा, शेव आणि कांदा खाताना वेगळे कळतात. मिसळीचे तर नावच तसे आहे. ताज्या आंब्याचा रस दुधात फिरवून मिल्कशेक केला तर तो 'ब्लेंड'. ज्या भांड्याला आपण मिक्सर म्हणतो त्याला इंग्रजी मुलखात 'ब्लेंडर' म्हणतात, हा घोळ त्यामुळेच होतो. साखर दुधात विरघळते आणि दिसेनाशी होते, तेव्हा हद्द गेली म्हणून 'मर्ज' का म्हणू नये, असा प्रश्न एका विद्यार्थ्याने विचारला होता. प्रश्न रास्त आहे. त्याला उत्तर एवढेच की विरघळण्याला इंग्रजीत 'डिझॉल्व्ह' हा स्वतंत्र शब्द आधीपासून आहे आणि रूढीपुढे तर्क चालत नाही. 'मर्ज' हा संस्था, कंपन्या, प्रदेश, रस्ते, याद्या, रंग आणि कल्पना यांच्यासाठी राखलेला शब्द आहे.

'कम्बाइन' हा 'मर्ज'चा सर्वांत जवळचा शेजारी आणि म्हणून सर्वांत जास्त गोंधळाचा. त्याचे लॅटिन मूळ दोन-दोन करून जोडणे असे आहे; त्यातला 'बी' आपल्या 'द्वि'चा दूरचा नातेवाईक लागतो. जोडी लावली म्हणून जोडीतले दोघे नाहीसे होत नाहीत, तसे 'कम्बाइन'मध्ये घटक शिल्लक राहतात. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले लोकसेवा आयोगाच्या संयुक्त परीक्षेला 'कंबाईन' म्हणतात, ते अगदी योग्य आहे, कारण पूर्वपरीक्षा एक असली तरी पदे आपापल्या जागी वेगळीच राहतात. सोयाबीन काढायला येणारे कंबाइन हार्वेस्टर कापणी आणि मळणी ही दोन कामे एका फेरीत करते. कामे दोनच राहतात. त्या यंत्राचे नाव उच्चारताना आघात पहिल्या अक्षरावर द्यावा आणि क्रियापद म्हणताना दुसऱ्यावर. नोकरी आणि शिक्षण एकत्र सांभाळणे, अनुभव आणि उत्साह यांची सांगड घालणे, दोन सुट्ट्या जोडून घेणे या सर्वांना 'कम्बाइन' लागते. सहलीसाठी दोन वर्ग एकत्र नेले तर 'कम्बाइन'; पटसंख्या कमी म्हणून दोन तुकड्यांची कायमची एक तुकडी केली तर 'मर्ज'.

'अमाल्गमेट' हा कंपन्यांच्या कायद्यातला औपचारिक शब्द आहे. मुळात पाऱ्याशी दुसऱ्या धातूचे मिश्रण म्हणजे 'अमाल्गम', दाढेत चांदी भरतात असे आपण म्हणतो तेव्हा बहुधा तेच असते. कंपनी कायदा, २०१३ मधील कलम २३२ 'मर्जर' आणि 'अमाल्गमेशन' यांचा उल्लेख जोडीने करते, त्यामुळे सामान्य पत्रव्यवहारात 'मर्ज' लिहिले तरी चालते. कायदेशीर दस्तऐवजात मात्र मूळ आदेशात जो शब्द असेल तोच ठेवावा. 'अक्वायर' म्हणजे विकत घेणे. विकत घेतलेली कंपनी आपल्या नावाने चालू राहू शकते, तेव्हा प्रत्येक खरेदी 'मर्जर' नसते. 'इंटिग्रेट'मध्ये वेगळे भाग एका व्यवस्थेत बसवले जातात, पण त्यांची रूपे राहू शकतात.

उच्चाराबद्दल एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. देवनागरीत 'मर्ज' लिहिले की मराठी जीभ तो 'कर्ज' या शब्दासारखा दंततालव्य 'ज' लावून म्हणते. इंग्रजी शब्दातला 'ज' मात्र 'मर्जी' या शब्दातल्यासारखा तालव्य आहे. 'मर्जी' म्हणून शेवटची 'ई' गिळली की उच्चार पुष्कळसा जमतो. भूतकाळी 'मर्ज्ड' हे उच्चारात एकाच अक्षराचे, म्हणजे एका झटक्यात म्हणायचे रूप आहे, त्याचे 'मर्जेड' करू नये. वर्तमानकाळी तृतीय पुरुषी 'मर्जेस' मध्ये मात्र दोन अक्षरे येतात. इंग्रजी लेखनात 'मर्जिंग' करताना शेवटचा 'ई' गळतो.

शेवटी उलट्या दिशेचे काम, म्हणजे इंग्रजी 'मर्ज'चे मराठी करणे. येथे 'विलीन' हा शब्द डोळे मिटून घालण्याची सवय वाढली आहे. 'विलीन' या संस्कृत शब्दातही विरघळणे आहेच, त्यामुळे बँका, संस्थाने आणि पक्ष यांच्यासाठी तो चपखल आहे. राज्य परिवहन महामंडळाच्या कर्मचाऱ्यांनी २०२१ च्या अखेरीस संप केला तो महामंडळाचे शासनात विलीनीकरण व्हावे म्हणून. तेथे दुसरा कोणताही शब्द चालला नसता. पण पुणे महापालिकेच्या हद्दीत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे आली, त्यांना इंग्रजी वर्तमानपत्रे 'मर्ज्ड व्हिलेजेस' म्हणतात आणि मराठी वर्तमानपत्रे 'समाविष्ट गावे'. मराठीची निवड अधिक अचूक आहे, कारण गावांचे नाव आणि गावपण राहते. जाते ती ग्रामपंचायत. रस्त्याच्या 'मर्ज'ला 'मिळणे', फायलींच्या 'मर्ज'ला 'एकत्र करणे', एक्सेलच्या चौकटींना 'जोडणे' आणि संध्याकाळीला 'मिसळून जाणे' पुरते. 'दोन चौकटी विलीन करा' असे सूचनापत्रक मी एकदा वाचले, तेव्हा त्या चौकटींना श्रद्धांजली वाहावी की काय, असे क्षणभर वाटले होते.